पुसट कॅसेटमधला माणूस

सत्यवतीला एका जागी बसवत नसे. तिची आई शकुनबाई म्हणायची, या पोरीच्या पायाला कोणीतरी खाजकुयली लावली आहे. लग्न होऊन ती साकोलीला आली तरी तेच. निवडायला घेतलेले तांदूळ अर्ध्यावर टाकून ती दारात येणार, हायवेवरचे ट्रक बघणार, परत आत जाणार. अशा बाईने कितीतरी वर्षं एका खुर्चीत बसून, टीव्हीला डोळे लावून काढली, हे तिला लहानपणापासून ओळखणाऱ्यांना सांगूनही पटत नाही.

तिच्या नवऱ्याचा, इश्वर कापगतेचा, बसस्टँडजवळ, हायवेला लागून फोटो स्टुडिओ होता, आणि त्याला लागूनच घर. आधी पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप, मग लग्नं. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास लग्नाचा व्हिडिओ काढायचं खूळ भंडारा जिल्ह्यात शिरलं आणि इश्वरने व्हिडिओ कॅमेरा घेतला. मंडप, हळद, जेवणावळ, नवरीची पाठवणी, सगळं तो भरून आणायचा. पण तो सगळा ऐवज जसाच्या तसा बघायला बसलं तर घरचे लोकही घोरू लागत. म्हणून नको ते गाळून, हवं ते जोडून नवी कॅसेट करावी लागे. त्याला इकडे मिक्सिंग म्हणत. इश्वरला त्याचा कंटाळा. एका हंगामात तो काविळीने अंथरुणाला खिळला, लग्नघरचे लोक कॅसेटसाठी रोज दारात उभे राहू लागले, तेव्हा सत्यवती दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून बसली. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर भरायचं, नेमक्या जागी बटण दाबायचं. रडणारी मावशी रडायच्या आधी पदर कसा चाचपते, ते तिला दिसत असे, आणि तिचं बोट तिथेच पडे. इश्वर बरा झाला, कॅसेट पाहिली, आणि ते काम त्याने परत मागितलं नाही.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरच्या एका संस्थेने त्याला मोठं काम दिलं. भंडारा जिल्ह्यातल्या मंडईवर आणि तिथल्या दंडारीवर फिल्म करायची होती. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. शिंगाडे, ऊस, खेळणी, पाहुण्यांची गर्दी, आणि भर दुपारी दंडारीच्या नाचगाण्याचा फेर. संस्थेने चांगल्यातला, जाड टेपवाला कॅमेरा भाड्याने दिला. पवनीकडच्या चार-सहा गावांत फिरून इश्वरने खूप काही टिपलं.

त्या जाड टेपचं चित्र स्वच्छ, पण ती चालवायचं यंत्र साकोलीत काय, भंडाऱ्यातही नव्हतं. ते नागपूरच्या स्टुडिओत होतं आणि तासाच्या भाड्याने मिळे. तिथे बसून हे ठेवू की ते ठेवू असा विचार करणं परवडणारं नव्हतं. म्हणून स्टुडिओने एक सोय करून दिली. सगळ्या जाड टेपांची नक्कल त्यांनी साध्या कॅसेटवर उतरवली आणि त्या चित्रावर, खालच्या बाजूला, पळते आकडे छापले. तास, मिनिट, सेकंद. नक्कल पुसट होती, रंग फुटलेले, चेहरे पिठात घोळल्यासारखे. पण घरच्या व्हीसीआरवर ती चालायची. तिच्यावर हवी तेवढी कापाकापी करायची, आणि सगळं मनासारखं जुळलं की वापरलेल्या तुकड्यांचे आकडे उतरवून नागपूरला न्यायचे. तिथलं यंत्र अस्सल टेपमधून तेवढेच तुकडे उचलून फिल्म बांधणार. काम सगळं नकलेवर, अस्सलला हात एकदाच.

सत्यवतीला ही पद्धत पहिल्या दिवशीच आवडली. चुकलं तरी काही बिघडत नाही, असं काम तिला आजवर कोणी दिलं नव्हतं.

तिसऱ्या कॅसेटमध्ये तो माणूस आला.

दंडार रंगात होती. इश्वरने कॅमेरा नाचणाऱ्यांवरून हळूच गर्दीवर फिरवला होता. बाया, म्हातारे, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप. कडेला लाउडस्पीकरची पेटी, आणि पेटीला टेकून एक माणूस. एक हात मानेच्या मागे, कोपर आभाळाकडे, आणि सगळा भार एका पायावर. चार-पाच सेकंद दिसला, मग कॅमेरा पुढे गेला.

सत्यवतीने कॅसेट मागे घेतली. पुन्हा पाहिली. मग चित्र थांबवलं. चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता, आणि पायांवरून आकडे पळता पळता थबकले होते.

असा एकच माणूस उभा राहत असे. तिचा मोठा भाऊ श्रावण.

श्रावण एकोणऐंशीत घर सोडून गेला होता. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. लाखांदूरकडच्या त्यांच्या गावात तलावात जेमतेम पाणी, धान लोंबीवर आलेलं. गावाने बसून पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. एका पहाटे तलावाचं दार बंद करायची पाळी श्रावणची होती. तो तलावाच्या बांधावर बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. उजाडलं तेव्हा पाणी पडीक रानात पसरलं होतं आणि तलावाचा तळ दिसत होता. कितीतरी घरांचं धान त्या वर्षी उभ्याउभ्या वाळलं. मारोतराव, त्यांचे वडील, शब्दाचे कडक. त्यांनी चावडीपुढे, सगळ्या गावासमोर, वीस वर्षांच्या मुलाला चपलेने मारलं आणि सांगितलं की आजपासून तू मला मेलास. दुसऱ्या दिवशी श्रावण नव्हता. त्याची सायकलही नव्हती.

पुढल्या वर्षी सत्यवतीचं लग्न झालं. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो, तिथे चुलतभाऊ उभा केला. वडील चौऱ्याऐंशीत गेले. घरात श्रावणचं नाव घ्यायचं नाही ही त्यांची सक्ती त्यांच्या मागेही चालूच राहिली. आणि गंमत अशी की फोटोग्राफरच्या या बायकोकडे आपल्या भावाचा एकही फोटो नव्हता. त्या घरात फोटो काढायची रीतच नव्हती.

त्या दिवसापासून सत्यवतीच्या जिवाला थारा राहिला नाही. सकाळी इश्वर दुकानात गेला की ती फिल्मचं काम लावायची आणि घटकाभरात हात आपोआप तिसऱ्या कॅसेटकडे जायचा. तो कोपर, तो पाय, तो डाग. डोळे बारीक करून बघ, टीव्हीचा उजेड कमी-जास्त करून बघ. कधी वाटे, दादाच. कधी वाटे, कोणीही माणूस पेटीला टेकला की असाच उभा राहणार. स्टोव्हवर भात लागला, वास खोलीत भरला, तरी तिला कळलं नाही. लाइट गेली की ती पिंजऱ्यातल्यासारखी घरभर फिरायची, आणि आली की पुन्हा खुर्चीत.

मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं की डागावर पांढऱ्या रेघा पडू लागल्या आहेत. तिला कारण कळलं. त्याच जागी चित्र पुन्हा पुन्हा थांबवलं की टेप तिथेच घासली जाते. आपण बघून बघूनच त्याला पुसतो आहोत, या विचाराने ती इतकी घाबरली की तिने कॅसेट काढून तांदळाच्या कोठीवर ठेवली. आणि त्याहून वाईट म्हणजे डोळे मिटले तरी आता तिला तो करडा डागच दिसत होता. खरा चेहरा, नाक, भुवया, काही केल्या आठवत नव्हतं.

अस्सल टेप नागपूरला होती. तिच्यात तो स्वच्छ दिसला असता. पण फिल्म पुरी झाल्याशिवाय तिकडे जायचं काम नव्हतं, आणि गेलं तरी यादीत नसलेली जागा तिथे कोणी उघडून दाखवणार नव्हतं.

सत्यवतीने कामाचा सपाटा लावला. जिथे ती एका तुकड्यावर दुपार घालवायची तिथे आता दोन दाबांत उरकू लागली. आणि दंडारीचा फेर ऐन भरात असताना, नाचणाऱ्या पायांच्या मधोमध, तिने तो लाउडस्पीकरजवळचा माणूस बसवला. चांगले पाच सेकंद. यादीत त्याचे आकडे लिहिले. आता नागपूरच्या यंत्राला तिथे थांबावंच लागणार होतं.

इश्वरने जोडणी पाहिली तेव्हा त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने आधी फक्त विचारलं की मध्ये हा लाउडस्पीकर कुठून आला. तिने गर्दी दाखवायला असं काहीतरी उत्तर दिलं. त्याने पुन्हा पाहिलं.

"सत्यवती, तू असं काम करत नाही," तो म्हणाला. "हा शॉट कायले ठेवला?"

ती स्टोव्हला पंप मारत होती. तिने पंप थांबवला नाही, पण सांगून टाकलं. तिला एक भाऊ होता एवढंच इश्वरला ठाऊक होतं. तलाव, चप्पल, चावडी हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. लग्नाला आठ वर्षं होत आली होती.

"मले आधी काहून नाई सांगितलं?"

"तुमी म्हटलं असतं, भास होऊन राहिला."

"म्हटलं असतं," त्याने कबूल केलं. मग टीव्हीपुढे बसून त्याने तो तुकडा पुन्हा एकदा लावला. कॅमेरा आपणच धरला होता, तो माणूस आपल्या भिंगातून गेला होता आणि आपल्याला काही कळलं नाही, हे त्याला लागलं असावं. उठताना त्याने एवढंच सांगितलं की शॉट राहू दे, पण बाकीची जोडणी पुन्हा कर, घाई दिसते आहे. सत्यवतीला राग आला. तरी तिने ती पुन्हा केली, आणि त्या दिवसांत तिला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा पुढे कधी आला नाही.

नागपूरला ती दोघं सकाळच्या बसने गेली. स्टुडिओत चपला बाहेर काढाव्या लागत, आत गार हवा सोडलेली. यंत्रावर बसणारा बाबूलाल हा बोलका माणूस होता. आकडे वाचायचा, बटणं दाबायचा, तोंडात सुपारी. एकेक तुकडा उलगडू लागला तसं सत्यवतीला कळेना की हे आपणच पाहिलेलं आहे. दंडारवाल्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. शिंगाड्यांची साल ओली दिसत होती. महिना-दीड महिना ती ज्या लोकांबरोबर राहिली त्यांना डोळे होते, फुटलेल्या टाचा होत्या. तिला ते सगळं बघायचं होतं आणि त्यातलं काहीच बघवत नव्हतं. तो आकडा यायची ती वाट पाहत होती.

तो आला. बाबूलालने टेप थांबवली. आकड्यांची पट्टी इथे नव्हतीच.

श्रावण तिच्याकडे न बघता दंडारीकडे बघत होता. गालाची हाडं वर आलेली, मिशी ठेवलेली, आणि डाव्या भुवईत लहानपणी गोठ्याचं दार लागून पडलेली खाच. ती खाच तिला आठवत नव्हती. दिसली तेव्हा आठवली. मागच्या पेटीवर, नकलेत जिथे पांढरा फराटा होता तिथे, रंगवलेली अक्षरं होती: देवाजी साउंड सर्व्हिस, पवनी.

"बाई, यात काहीच नाई होऊन राहिलं," बाबूलाल म्हणाला. "रखना है क्या?"

सत्यवतीचे डोळे त्या भुवईवरच होते. इश्वरने तिच्याकडे पाहिलं आणि मग तोच बोलला, "ठेवा. पाच सेकंद."

दोन दिवसांनी ती पवनीला गेली. इश्वर येतो म्हणत होता, तिने नको म्हटलं. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. मधेच उतरून पुढे चालत जावं असं तिला वाटे, मग पुढच्याच वळणावर, उतरून परत जावं असं वाटे. पवनीत तिने एका पानवाल्याला विचारलं. दुकान सापडायला काही त्रास पडला नाही. दाराशी भोंगे रचून ठेवलेले, आत श्रावण जमिनीवर बसून एका भोंग्याच्या तारा जोडत होता.

त्याने मान वर केली. तिला वाटलं होतं तो दचकेल.

"सत्ते," तो म्हणाला. "बस. चाय सांगतो."

ती बसली नाही. तिने तयार करून आणलेलं सगळं बोलणं पळालं. "आठ वर्सं झाली, दादा," ती म्हणाली. "तू जिता होता, अन् तुले एक बार बी यावं वाटलं नाई?"

त्याने हातातली तार खाली ठेवली.

"येत होतो. तुले साकोलीले देल्लं, हे आयकलं होतं. आमचा टेम्पो साकोलीवरून जाते. तुह्या दुकानासमोर चायची टपरी हाये, तिथं थांबतो आमी. तू दारात येते, रस्ता पाह्यते, अन् अंदर जाते. पह्यले पह्यले मले वाटे, हे मलेच पाहून राहिली. मंग समजलं, तुह्या नजरंत कोणीच नाई."

सत्यवती भोंग्यांच्या पेटीवर बसली. चहा आला, निवला. हळूहळू त्याने सांगितलं. आधी बालाघाटकडे लाकडाच्या कामावर होता, मग पवनीला आला. देवाजीने ठेवून घेतलं. निर्मला नावाच्या मुलीशी लग्न झालं, तिला आई-वडील नव्हते म्हणून कोणी फार चौकशी केली नाही. वडील गेल्याचं, शेवटी त्यांना पाऊल टाकवत नव्हतं हेही, त्याला एका मंडईत ऐकू आलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत तो लाउडस्पीकर घेऊन जायचा. आपल्या गावाची सुपारी आली की देवाजी दुसऱ्या कोणाला पाठवायचा, कारण विचारत नसे.

तिने त्याला आपल्याबरोबर चल म्हटलं. तो नाही म्हणाला. बाबा असते तर एकदा पाय धरले असते, म्हणाला, आता कोणत्या तोंडाने जाऊ, ज्यांचं धान गेलं ते सगळे तिथेच आहेत. मग तिने ठेवणीतलं काढलं.

"माय आहे," ती म्हणाली. "तिचं त धान नाई गेलं. तिचं पोरगं गेलं."

श्रावणने पुन्हा तार हातात घेतली आणि ती जोडत बसला. जोडून झाली, तरी सोडली नाही. ती निघाली तेव्हा तो बसपर्यंत आला, खिडकीशी उभा राहिला, पण येतो म्हणाला नाही.

आता आईला सांगायचं की नाही, या विचाराने सत्यवतीने दोन-तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. सांगितलं आणि तो आलाच नाही तर म्हातारीला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. न सांगावं तर आपणही बापासारखंच वागलो. शेवटी ती माहेरी गेली आणि ओसरीवर चप्पल काढता काढताच बोलून गेली. शकुनबाई सुपात पोहे पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पवनीत दुकान कुठे ते दोनदा विचारलं, आणि पोहे पाखडून संपवले. सकाळी सत्यवती उठली तर आईने गाठोडं बांधलेलं होतं. नवे तांदूळ, पोहे, एक लुगडं. मुलगी सोबत येऊ लागली तशी तिने तिला अडवलं. म्हणाली, तू तुझ्या घरी जा, तुझा नवरा वाट पाहत असेल.

शकुनबाई पवनीला गेली आणि आठवडा उलटला तरी तिचा पत्ता नाही. दुकानातला फोन वाजला की सत्यवती धावायची, जशी काही म्हातारी फोन लावणार होती. मध्येच फिल्मवाल्या संस्थेचे लोक फिल्म पाहून गेले. त्यांना ती आवडली. एकाने फक्त विचारलं की दंडारीच्या मध्ये तो साउंडवाला का येतो. इश्वरने शांतपणे सांगितलं की आवाज कुठून येतो ते दाखवायला. ते लोक मान डोलावून गेले. एरवी सत्यवती यावर हसली असती.

शकुनबाई आली ती एकटीच. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिने सांगितलं की निर्मला भात चांगला रांधते आणि घराला उजेड कमी आहे. काय बोलणं झालं, तो रडला का, येतो म्हणाला का, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. सत्यवतीने खोदून खोदून विचारलं. म्हातारी म्हणाली, विचारू नको, आणि गावी निघून गेली.

उन्हाळ्यात श्रावण आला. लग्नाचा हंगाम होता, भर दुपार, इश्वर कुठेतरी वरातीत. शकुनबाई आदल्या दिवशीच मुलीकडे आली होती. तो निर्मलेला घेऊन, डोक्यावर रुमाल टाकून, दुकानाच्या पायरीशी उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तसा. सत्यवतीने त्याला हाताला धरून आत नेलं. जेवण झालं. गावाचं नाव निघालं की तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावी. निर्मला मात्र घर पाहत फिरली, प्रत्येक वस्तू कशाची म्हणून विचारलं, आणि जाताना सत्यवतीकडून पवनीला यायचं वचन घेतलं. चारच्या बसने ती दोघं परत गेली. पुढच्या महिन्यात येतो, असं श्रावण म्हणाला खरा, पण गावी जाण्याचं त्याने कबूल केलं नाही.

भांडी घासून झाल्यावर सत्यवती आईशेजारी चटईवर टेकली. पंखा आवाज करत होता. तिने पुन्हा तेच विचारलं, पवनीत दादा तुला काय म्हणाला.

शकुनबाईने यावेळी विचारू नको म्हटलं नाही. ती कुशीवर वळली.

"काय म्हणन," ती म्हणाली. "त्यानं इचारलं, बाबाचे पाय शेवटी सुजले होते का. मी म्हटलं, हो. मंग आमी जेवलो."

सत्यवतीला आणखी विचारायचं होतं. पण शकुनबाईने पदर तोंडावर ओढून घेतला होता, आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली.